२.९ की ३.४? लातूरच्या एका जुन्या बॉक्स्टरचं प्रकरण

२०२४च्या जानेवारीत लातूरहून एका हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. ओळख जुनी, त्यांची घरची डिझेल एसयूव्ही मीच तपासून दिली होती. "जुनी पोर्शे घ्यायचीय. बॉक्स्टर. दोन बघून ठेवल्यात. एकीचं इंजिन २.९ लिटर, दुसरीचं ३.४. कोणती घेऊ तेवढं सांगा." फोन स्पीकरवर असावा, कारण मागून त्यांच्या वडिलांचा, आबांचा, आवाज आला. "किती माणसं बसत्यात तिच्यात?"

"दोन."

"दोनच? मग आम्ही कुठं बसावं?"

आबांना उत्तर मिळालं नाही. डॉक्टरांना मी लगेच दिलं: मोठं इंजिन घ्या. सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे माझं ठरलेलं उत्तर होतं. लहान इंजिन घेऊन वर्षभरात मोठ्याकडे वळलेले लोक मी पाहिलेत, आणि त्या अदलाबदलीत दोन-तीन लाख दलालाच्या खिशात जातात. पुढच्या अडीच महिन्यांत माझ्या त्या उत्तराची एकेक वीट निघत गेली. कशी निघाली ते इथं मांडतोय.

गिऱ्हाईक आणि रस्ता

डॉक्टर सत्तेचाळिशीचे. रोजच्या कामाला एसयूव्ही राहणारच होती. ही गाडी रविवारची, शिवाय महिन्या-दीड महिन्यातून एकदा संभाजीनगर किंवा पुणे. ऑटोमॅटिक हवी, कारण दुसऱ्यांचे गुडघे बदलणाऱ्या या माणसाचा स्वतःचा डावा गुडघा कुरकुरतो. पासिंग महाराष्ट्राचंच हवं. दिल्ली-बंगळूरची गाडी कितीही स्वस्त दिसली तरी इथला कर नव्यानं भरून एनओसीच्या मागे फिरायची त्यांची तयारी नव्हती. बजेट सगळं मिळून ३५ लाख. त्यातले चार-पाच लाख गाडी दारात आल्यावर तिच्यावरच लागतील, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जुन्या पोर्शेला खिसा रिकामा करून घरी आणलं की ती अंगणातच उभी राहते.

मराठवाड्याला महागड्या गाडीचं अप्रूप नाही. २०१०च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, साधारण ६५ कोटींच्या, आणि त्याची बातमी देशभर झाली. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथंच ऑडीही जुळायच्या. त्यामुळे या गाड्यांना हात लावणारे मिस्त्री इथं तयार झाले. बॉक्स्टरचं मात्र निराळं. इंजिन दोन सीटांच्या मागं, सिलिंडर आडवे निजलेले, तीन इकडे अन् तीन तिकडे. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तर परत डिकी. तेल आणि कूलंट ओतायची तोंडं तेवढी मागच्या डिकीत दिसतात. तेल मोजायला काडीसुद्धा नाही, मीटर सांगेल तेच खरं. आमच्या भागातला चांगला मिस्त्रीही अशा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारतो, "साहेब, इंजिन कुठंय?"

आता रस्ता. लातूरहून संभाजीनगर म्हणजे अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. मांजरसुंब्यापासून पुढं चौपदरी. त्याआधी काळ्या मातीवरचं डांबर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. गावागणिक ब्रेकर, त्यातले निम्मे गावकऱ्यांनी स्वतःच्या मापानं घातलेले. संभाजीनगर किंवा जालन्याहून समृद्धीला लागलं की सपाट काँक्रीट, पण कारला मर्यादा ताशी १२०. हा १२०चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सारख्या आकड्याची दोन इंजिनं

पहिल्या आठवड्यात एका दलालानं डॉक्टरांना तिसरीच गाडी दाखवली: २००७ची बॉक्स्टर एस, ३.४ लिटर, आणि किंमत बाकीच्यांपेक्षा बरीच खाली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच मोठं इंजिन म्हणाला होतात. हे ३.४ आहे की."

इथं थोडं थांबावं लागेल. ९८७ या पिढीची बॉक्स्टर २००५ मॉडेलपासून आली. २००८ मॉडेलपर्यंतच्या इंजिनात एक मधला दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग गेलं तर व्हॉल्व्हच्या उघडझापीचं टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात निघतं. प्रत्येक गाडीत होतं असं नाही, पण झालं तर सांगून होत नाही. शिवाय त्या काळातल्या ३.४ला सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायची खोड आहे. त्याच वेळच्या २.७ला ती कमी. म्हणजे तिथं मोठं इंजिन घेणारा जोखीमही मोठी घेतो.

२००९ मॉडेलला पोर्शेनं इंजिनाचं कुटुंबच बदललं. नव्यात तो मधला दांडा नाहीच. जुनं ३.४ म्हणजे ३३८७ सीसी, नवं ३.४ म्हणजे ३४३६ सीसी. जाहिरातीत दोन्ही ३.४. दलाल खोटं बोलत नव्हता, अर्धंच बोलत होता. २००७ची गाडी आम्ही फोनवरच सोडली.

उरलेल्या दोन्ही गाड्या नव्या कुटुंबातल्या. साधी बॉक्स्टर २८९३ सीसी, २५५ अश्वशक्ती, २९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. एस ३४३६ सीसी, ३१० अश्वशक्ती, ३६० न्यूटन-मीटर. दोन्हींत पिस्टनची धाव एकच, ७७.५ मिलिमीटर. फरक फक्त भोकाचा: २.९चं ८९ मिलिमीटर, ३.४चं ९७. करंगळीच्या जाडीएवढंही नाही, आणि तेवढ्यानं अर्धा लिटर वाढतो. पीडीके, म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ५.८ सेकंद विरुद्ध ५.२.

दोघींत दुसरा फरक जाहिरातीत नसतो, पण माझ्या मते तो आकारापेक्षा भारी आहे. ३.४मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत, १२० बारपर्यंतच्या दाबानं मारलं जातं. २.९मध्ये जुन्या पद्धतीनं, बाहेर इनटेकच्या नळीत, किरकोळ दाबानं. म्हणून ३.४ला उच्च दाबाचा वेगळा पंप लागतो, कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) १२.५:१ आहे, आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचू शकते, कारण तिथं पेट्रोलचा शिडकावा पोचतच नाही. २.९ला कॉम्प्रेशन ११.५:१, तो पंप नाही, व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. लहान इंजिन इथं नुसतं लहान नाही. ते साधं आहे.

पहिली एस

मुंबईतली एस काळी, आतून तांबड्या लेदरची. डॉक्टर फोटोवरच भाळले होते. मीटरवर १९,४०० किलोमीटर. स्कॅनर लावला आणि इंजिन एकूण किती तास चाललंय ते काढलं. हा आकडा कंप्युटरच्या पोटात असतो. मीटर मागं फिरवणाऱ्याला तो बहुधा आठवत नाही. निघाले १,६४० तास. १९,४०० भागिले १,६४०, म्हणजे सरासरी ताशी बारासुद्धा नाही.

एजंट म्हणाला, "मुंबईचा ट्रॅफिक, साहेब."

मुंबईचा ट्रॅफिक मलाही ठाऊक आहे. पण स्टिअरिंगचं लेदर चकचकीत झालेलं, ब्रेक पेडलचं रबर एका कडेला झिजलेलं, पुढच्या डिस्कला नखाला अडेल अशी कड आलेली. गाडी १९ हजाराची नव्हती. किती हजाराची होती ते कुणालाच सांगता आलं नसतं. चाळीस मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. परतताना डॉक्टर गप्प होते. नाशिक गेल्यावर म्हणाले, "रंग मात्र छान होता हो."

२.९ आमच्याच संभाजीनगरातली निघाली, वाळूजच्या एका कारखानदाराची. २०१०ची, चांदीच्या रंगाची, चारचौघांत उठून न दिसणारी. ३४,८०० किलोमीटर, १,४९० तास, सरासरी तेवीस. शहरात फिरलेल्या गाडीला शोभणारा आकडा. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत या गाडीचे रेडिएटर असतात आणि त्यांच्यापुढं एसीचे कंडेन्सर. तिथं पालापाचोळा आणि धुळीचे बोळे साचलेले होते. ते सोडलं तर तेलाची गळती नाही, धूर नाही, गिअर मऊ.

आता प्रकरण इथंच मिटलं असतं. एस वाईट, २.९ चांगली, घ्या २.९. पण त्यानं इंजिनाचा प्रश्न सुटला नसता, टळला असता, आणि डॉक्टरांच्या मनात ३.४ कायमची राहिली असती. मीच म्हणालो, चांगली एस शोधू, मग ठरवू. तीन आठवड्यांनी पुण्यात सापडली. २००९ची, पांढरी, २८,२०० किलोमीटर, १,१३० तास. सरासरी पंचवीस. मालक असा की प्रत्येक पावती तारखेनं लावलेली. त्यांना घृष्णेश्वराच्या दर्शनाला यायचंच होतं. म्हणाले, रविवारी सकाळी गाडी घेऊनच वेरूळला येतो.

चेसिस नंबर बघताना एक गंमत झाली. त्या काळातल्या काही बॉक्स्टर स्टुटगार्टला बनायच्या, काही फिनलंडमध्ये उसिकाउपुंकी नावाच्या गावी. नंबरातलं अकरावं अक्षर ते सांगतं: एस म्हणजे स्टुटगार्ट, यू म्हणजे ते दुसरं. पुण्याच्या एसमध्ये यू होता आणि वाळूजच्या साध्या गाडीत एस. डॉक्टरांनी घरी फोन करून सांगितलं, तर आबा म्हणाले, "मंजी जर्मनीची म्हणून फिनलंडची गळ्यात मारायलेत का?" तसं काही नसतं. बांधणीत फरक सांगता येईल असा मला कधी दिसला नाही.

खुलताबादचा घाट

दौलताबादहून कागजीपुऱ्यावरून खुलताबादला चढणारा रस्ता आमच्या कामाचा. चढ आहे, वळणं आहेत, सकाळी सातला रहदारी कमी, आणि मधूनमधून खराब तुकडे. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच तासात, आधी मी चालवल्या, मग डॉक्टरांनी.

पुढं भरलेला ट्रक ताशी तीस-पस्तीसनं चाललेला. पीडीके अशा वेळी वरचा गिअर धरून इंजिन निवांत ठेवतो. मोकळी जागा दिसली, पाय दाबला. २.९नं आधी विचार केला. दोन गिअर खाली टाकले, मग ओढायला लागली, आणि खरा जोर साडेचार हजार आरपीएमच्या पुढं आला. त्यानंतर मात्र सात हजारापर्यंत ती पिळत राहते आणि पाठीमागचा आवाज एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर चढत जातो. एसनं एकच गिअर टाकला आणि ट्रक मागं गेला. बस्स. खालच्या आरपीएमला सत्तर न्यूटन-मीटरचा फरक पायाला लगेच कळतो. मला एस जास्त आवडली, आजही आवडते.

डॉक्टर उतरले तेव्हा वेगळंच बोलले. "एसमध्ये मजा सुरू होईपर्यंत पुढचा ट्रक येतो. त्या दुसरीला मी पूर्ण चालवू शकलो."

मी मनाशी हिशेब केला. या दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडतात. समृद्धीवर मर्यादा १२०. म्हणजे कायद्यात राहून डॉक्टरांना पूर्ण ताकद वापरायला मिळेल ती दोन गिअर आणि तिसऱ्याचा तुकडा एवढीच. एसचा फायदा १२०च्या वर वाढत जातो, आणि तिथं त्यांना जायचंच नाही; हाडं जोडणाऱ्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. एसचा दुसरा फायदा, खालच्या आरपीएमची ओढ, तो मात्र रोजचा आणि खरा. त्याची किंमत किती, एवढाच प्रश्न उरला.

परतताना कागजीपुऱ्याजवळच्या उखडलेल्या तुकड्यावर अजून एक गोष्ट कळली. २.९वर कंपनीची १७ इंची चाकं होती: पुढं २०५/५५, मागं २३५/५०. पुण्याच्या एसवर हौसेची १९ इंची, पुढं २३५/३५. टायरच्या भिंतीची उंची मोजा. २०५ला ५५ टक्के म्हणजे ११३ मिलिमीटर, २३५ला ३५ टक्के म्हणजे ८२. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एक इंचाहून जास्त रबर कमी. एस त्या तुकड्यावर अशी आदळली की मालकाचा चेहरा मला बघवला नाही. चाकं बदलता येतात, पण एसचे पुढचे डिस्क ३१८ मिलिमीटरचे आणि साधीचे २९८चे. एसला कंपनीची चाकं १८पासूनच. इंजिन मोठं घेतलं की ब्रेक मोठे येतात, ब्रेकमागून चाकं मोठी, आणि चाकांमागून टायरची भिंत बुटकी. आपण निवडतो इंजिन, घरी येते सगळी वरात.

उसाचं पेट्रोल

लातूरच्या घरी बैठक बसली तेव्हा मी पेट्रोलचा विषय काढला, आणि तो आबांच्या शेतावर जाऊन पोचला. त्यांचा ऊस कारखान्याला जातो. उसापासून कारखाने इथेनॉल काढतात, ते पेट्रोलमध्ये मिसळतं, आणि देशभर २० टक्क्यांकडे वाटचाल सुरू होती. २०२५पर्यंत ते झालंही. आबा म्हणाले, "मंजी आमचाच ऊस ह्या गाडीत?" हो, तुमचाच. आणि तोच तिला पचायला थोडा जड.

इथेनॉलनं ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची पेट्रोलची ताकद) वाढतो, ते चांगलंच. पण लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून २० टक्के मिश्रणात अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी बसतं. ते डॉक्टरांना परवडतं. खरी अडचण पाण्याची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि रविवारची गाडी पावसाळ्यात तीन-तीन आठवडे उभी राहते. या पिढीच्या गाड्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्याच नाहीत. २.९मध्ये काही बिघडलं तर साधे इंजेक्टर, टाकीतला पंप, रबरी नळ्या. ३.४मध्ये त्यात तो १२० बारचा पंप आणि आतले इंजेक्टर वाढतात. हे पंप गेल्याची उदाहरणं या इंजिनांत आहेत. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर. आपल्या भागात एक्सपी-९५, म्हणजे ९५ ऑक्टेनचं, मिळालं तरी समाधान मानायचं. १२.५:१च्या इंजिनाला पोर्शे ९८ मागते. कमी ऑक्टेन दिलं तर नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, इंजिन सांभाळतं, पण ज्या अश्वशक्तीसाठी जास्तीचे पैसे मोजले त्यातली काही पंपावरच राहते.

मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, त्याही डॉक्टर, आतापर्यंत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "ही लातुरात बंद पडली तर कोण बघणार?"

खरं उत्तर असं की लहानसहान मी बघणार, मोठं काही असेल तर फ्लॅटबेडवर टाकून मुंबई. दोन्ही गाड्यांना तेच.

"मग जिच्यात बिघडायला कमी गोष्टी आहेत ती घ्या ना."

पैसे

सरकारी खर्चात इंजिनाच्या आकाराला काही किंमत नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटलं. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो, पण शेवटचा टप्पा १५०० सीसीच्या वरचा. तेव्हा वर्षाला ७,८९७ रुपये, २.९ला तेवढेच, ३.४लाही तेवढेच, आणि दारातल्या एसयूव्हीलाही तेवढेच. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी. परदेशातून आलेल्या चारचाकीला त्याची फी ४० हजार. पुण्याची एस २००९ची, म्हणजे तिचा नंबर २०२४मध्येच लागणार, २.९चा वर्षभरानं. टाकी दोघींची ६४ लिटर.

वाळूजची गाडी पावणेपंचवीस लाखांत तुटली. पुण्याची एस साडेबत्तीसच्या खाली यायला तयार नव्हती, आणि त्या माणसाच्या पावत्या बघता त्यानं यावं असं मलाही वाटलं नाही. फरक पावणेआठ लाख. एस घेतली तर ३५च्या बजेटात अडीच लाख उरणार, आणि १९ इंची टायर, ब्रेक, पीडीकेचं तेल एवढ्यातच ते संपणार. आबांनी मध्येच विचारून घेतलं की दोन्हींतली एकही न घेता किती एकर बागायत येईल. त्यावर कुणी बोललं नाही.

मी आधी ३.४ म्हणालो होतो, आता २.९ म्हणालो. डॉक्टरांनी मला त्याची आठवण करून दिली. मी म्हणालो, बजेट ४५ असतं, तुम्ही पुण्यात राहत असता, पेट्रोल पाहिजे ते मिळत असतं, तर मी आजही ३.४च म्हटलं असतं. जानेवारीत मी गाडीबद्दल सांगितलं, गिऱ्हाईकाबद्दल विचारलंच नव्हतं.

ते दोन दिवस थांबले. एस सोडताना त्यांना त्रास झाला, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी वाळूजला बयाणा दिला.

घेतल्यानंतर

पहिल्या दोन महिन्यांत लागलेला खर्च: चार टायर, प्लग आणि कॉइल (उष्णतेनं कॉइलना तडे जातात, दोन गेल्याच होत्या), पाण्याचा पंप आणि कूलंट, पीडीकेच्या क्लचचं तेल, बॅटरी, पुढच्या लोअर आर्मचे बुश. रेडिएटर-कंडेन्सर बंपर काढून धुतले. बोळ्यांनी अर्धी बादली भरली. छताच्या कडेला पाणी वाहून जायच्या नळ्या असतात, त्या तुंबल्या की पहिल्या पावसात सीटखालचं इलेक्ट्रॉनिक्स भिजतं. त्या मोकळ्या केल्या. सगळं मिळून तीन लाख साठ हजार. राखून ठेवलेल्या पैशांत बसलं, आणि सहा लाखांहून अधिक शिल्लक राहिले, ते डॉक्टरांनी 'गाडी' असं लिहून वेगळ्या खात्यात टाकले. ही त्यांचीच कल्पना, मला फार आवडली.

दीड वर्षात गाडी अकरा हजार किलोमीटर फिरली. टाकी ते टाकी मोजलं तर समृद्धीवर अकराच्या आसपास, लातूर शहरात सात. मेमध्ये ४३ अंशांत बीड बायपासला एसी थोडा मलूल पडला, तो कंडेन्सर पुन्हा धुऊन सुधारला. २०२५मध्ये नोंदणी नव्यानं झाली.

पस्तावा झाला का, असं मी विचारलं होतं. दोनदा, म्हणाले. एकदा मांजरसुंब्याच्या घाटात, चढावर ऊसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले असताना मागून आलेली एक डिझेल एसयूव्ही नुसत्या टॉर्कवर त्यांना आणि ट्रॉल्यांना एकदमच ओलांडून गेली. २.९ गिअर शोधत होती तोवर ती वळणाआड गेली होती. दुसऱ्या वेळेचं त्यांनी सांगितलं नाही.

पुण्याची ती एस नंतर जालन्याला गेली, एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे. माझ्याकडेच येते. एक रिम वाकल्यावर त्यांनी १९ इंची काढून १८ बसवली. पण तिचा उच्च दाबाचा पंप ठणठणीत आहे, इंजेक्टरही. एक्सपी-९५ भरतात, गाडी आठवड्यातून दोनदा तरी चालवतात, आणि त्या पंपाचा मी लातूरच्या बैठकीत घातलेला धाक आजवर तरी फुकटच गेलाय.

गेल्या महिन्यात डॉक्टर काही कामानं जालन्यात होते. व्यापाऱ्यानं किल्ली हातात दिली, म्हणाला, या चक्कर मारून. रात्री मला फोन. "आता कळलं तुम्ही पहिल्या दिवशी ३.४ का म्हणाला होतात."

"मग?"

"मग काय. किल्ली परत दिली, चहा घेतला अन् निघालो. उद्या आबांना योगेश्वरीला न्यायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबाजोगाईच्या वाटेवरचा फोटो पाठवला. छत उघडं, डाव्या सीटवर आबा, टोपी उडू नये म्हणून वरून उपरणं हनुवटीखाली बांधलेलं, एक हात दारावर घट्ट. फोटोखाली डॉक्टरांनी आबांचंच वाक्य लिहिलं होतं: "झाक की ते आता, धूळ यायलीय."